विहिरीला दिलेलं औषध

छत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या सहीने एकही चुकीचा अहवाल बाहेर गेला नाही. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहिते आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी जुन्या फायली काढून बघाव्यात. प्रत्येक अहवाल बरोबर होता. त्यातला एक तर इतका बरोबर होता, की तो वाचून एका घराने आपली विहीर बरी झाली असं समजून देवाला नारळ फोडला.

आमची प्रयोगशाळा कल्याणला एका दुमजली इमारतीत होती. तळमजल्यावर माणसांची तपासणी व्हायची, म्हणजे रक्त, लघवी, थुंकी. वरच्या मजल्यावर पाण्याची. मी वर बसायचे, माझी मैत्रीण सुलभा खाली. दोन्ही मजल्यांवर आम्ही ज्यांना पकडायचो ते जंतू बरेचदा एकाच घराण्यातले असत, पण खालच्यांना मान जास्त. खाली जंतू सापडला की डॉक्टरांचा फोन येई. वर सापडला की एखाद्या सोसायटीच्या सेक्रेटरीचा येई, आणि तो विचारी, "मॅडम, काही ॲडजस्ट होईल का?"

पाणी तपासायचं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. नमुना निर्जंतुक बाटलीत घ्यायचा, आणि तो आमच्याच माणसाने घ्यायचा. बाटली बर्फाच्या पेटीत ठेवून सहा तासांच्या आत टेबलावर आणायची. मग ते पाणी जांभळ्या रंगाच्या द्रवात घालून नळ्या उबेत ठेवायच्या. दोन दिवसांनी नळीतला रंग पिवळा झाला आणि आत वायूचा बुडबुडा धरला, तर समजायचं की पाण्यात आतड्यातले जंतू आहेत. म्हणजे, स्पष्ट बोलायचं तर, कुठून तरी कुणाचा तरी संडास त्या पाण्याला येऊन मिळतो आहे. अहवालात मात्र आम्ही असं लिहीत नाही. तिथे शेवटी दोन शब्द छापलेले असतात, 'योग्य' आणि 'अयोग्य'. त्यातला एक खोडायचा आणि सही करायची.

आमचाच माणूस नमुना का घेतो, हे लोकांना पटत नाही. ठाण्याहून एक सेक्रेटरी स्वतः बाटली घेऊन आले होते. हातात घेतली तर कोमट.

"पाणी गरम कसं?"

"उकळून आणलंय ना मॅडम. पास व्हायला पाहिजे."

"रोज उकळून पिता का?"

"छे! एवढा गॅस कोण जाळणार?"

दुसऱ्या एका गृहस्थांनी पाणी तांब्याच्या गडूत आणलं होतं, वर तुळशीचं पान. ते म्हणाले, देवापुढे रात्रभर ठेवलंय. मी म्हटलं, देवापुढे ठेवलेलं पाणी तपासण्याचा आमच्याकडे परवाना नाही. ते रागावून गेले. अशा माणसांवर मी पुष्कळ हसले आहे. एका माणसावर हसता आलं नाही, त्याची ही हकीकत आहे.

त्यांचं नाव बाळारामशेठ. डोंबिवलीच्या पुढे शीळकडे जाताना टॉवरांच्या मधे एक जुनं गाव शिल्लक आहे, तिथले. वडील भातशेती करायचे आणि शेतीचे दिवस संपले की मिठागरावर जायचे. मुलाच्या आयुष्यात शेतावर टॉवर आले आणि बाळारामचे बाळारामशेठ झाले. सगळं विकलं, विहीर तेवढी ठेवली. त्यांच्या आजोबांनी खणलेली होती. घरात नळ आलेला होता, पण भावकीची सात घरं प्यायला पाणी विहिरीचंच भरायची, कारण ते गोड आणि नळाचं कडू, शिवाय नळ येईल तेव्हा खरा. टॉवरांच्या सांडपाण्याच्या टाक्या विहिरीपासून दगड मारण्याच्या अंतरावर आहेत, हे त्यांना दिसत होतं. पण टाकी जमिनीखाली असते आणि जमिनीखालचं कुणी मनावर घेत नाही.

ते आमच्याकडे आले ते पाण्यासाठी नव्हे, बायकोसाठी. चांगुणाबाईंना मधुमेह होता आणि लघवीची जळजळ सारखी उलटायची. दर वेळी औषधाच्या दुकानातून दोन दिवसांच्या गोळ्या आणायच्या, बरं वाटलं की थांबवायच्या. यात त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. कल्याणपासून ठाण्यापर्यंत सगळे असंच करतात. मीही करत होते, आणि मी तर पगार घेऊन जंतू ओळखत होते. शेवटी एका डॉक्टरांनी त्यांना तपासणी सांगितली. सुलभाने बोलता बोलता घरी पाणी कुठलं पिता असं विचारलं आणि बाळारामशेठना वर माझ्याकडे पाठवलं.

मी स्वतः जाऊन विहिरीचा नमुना घेतला. सगळ्या नळ्या पिवळ्या झाल्या. अयोग्य.

"मॅडम, आमचे बावीचं पानी गोड हाय," ते म्हणाले. बाव म्हणजे विहीर. "तुमचा कागद काय बी बोलूदे."

"शेठ, जंतूंना चव नसते. ब्लीचिंग पावडर टाका. किती, कशी, ते लिहून देते."

"त्याचा वास येतं. भात पन वासतं. चांगुना तोंड नाय लावत."

मग मी एक गोष्ट केली जी माझ्या कामात बसत नव्हती. विहिरीतल्या जंतूंची मी औषधांची तपासणी केली. ही खालच्या मजल्याची पद्धत. काचेच्या बशीत जंतूंचा पातळ थर द्यायचा आणि त्यावर कागदाच्या छोट्या गोल टिकल्या ठेवायच्या. प्रत्येक टिकली वेगळ्या अँटिबायोटिकमध्ये भिजवलेली. दुसऱ्या दिवशी सगळीकडे जंतूंची साय धरते, पण जे औषध चालतं त्याच्या टिकलीभोवती साय धरत नाही. स्वच्छ गोल रिकामी जागा दिसते. पट्टीने तिची रुंदी मोजायची. जागा मोठी, तर औषध चांगलं. जागाच नाही, तर जंतूंना त्या औषधाचं काहीच वाटत नाही.

पाण्याच्या तपासणीत हे कुणी मागत नाही. मी केलं ते निव्वळ कुतूहल म्हणून, आणि थोडं सुलभाला दाखवायला, की वरच्या मजल्यावरही हे येतं. बशी छान आली. दोन टिकल्यांना जागा नव्हती, बाकीच्यांना होती, आणि एका टिकलीभोवती तर रुपयाएवढं वर्तुळ. बाळारामशेठ चांगुणाबाईंचा रिपोर्ट न्यायला आले, तेव्हा मी त्यांना मुद्दाम वर बोलावलं. वाटलं, डोळ्यांनी जंतू बघतील तर पावडर टाकतील.

त्यांनी बशी उजेडाला धरली. बराच वेळ बघत राहिले.

"ह्ये सगले आमचे बावीतले?"

"हो."

"आनि ह्यो टिकला?"

"ते औषध आहे. त्याच्याभोवती बघा, एकही जंतू नाही. या औषधाने ते मरतात."

"मरतान?"

"मरतात."

"नाव काय त्याचं?"

मी नाव सांगितलं. इथे ते लिहीत नाही. एकदा सांगून झालं आहे, तेवढं पुरे.

सहा महिन्यांनी पुन्हा नमुना घेतला. एकही नळी पिवळी झाली नाही. जांभळ्या नळ्या ओळीने उभ्या बघून मला आनंद झाला. विहिरीचं असं पाणी आमच्या भागात मी क्वचित पाहिलं होतं. म्हाताऱ्याने ऐकलं एकदाचं, असं मनात म्हणून मी 'अयोग्य' खोडलं आणि सही केली. फोनवर त्यांना म्हटलंही, "शेठ, छान काम केलंत. असंच चालू ठेवा."

"तुमचीच मेहेरबानी, मॅडम."

आता या कामातली एक साधी गोष्ट सांगते, जी पहिल्या वर्षाच्या मुलीलाही शिकवतात. नमुना घेताना जागेवरच पाण्यातला क्लोरीन बघायचा. दोन थेंब टाकले की पाणी पिवळसर होतं, तेवढंच. त्या दिवशी विहिरीवर पाणी पिवळसर झालं नव्हतं. अहवालात मी लिहिलं होतं, 'क्लोरीन: नाही'. त्याच्याखाली, 'जंतू: नाहीत'. दोन्ही बरोबर. पण संडासाच्या टाक्यांच्या शेजारची उघडी विहीर, क्लोरीन नाही, तरी जंतू नाहीत, तर मग ते गेले कुठे? ही शंका माझ्या मनाला शिवली नाही. फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता.

पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता चांगुणाबाईंना थंडी भरून ताप आला. डोंबिवलीच्या एका रुग्णालयात ठेवलं. जळजळ वर सरकून मूत्रपिंडापर्यंत गेली होती. नमुना सुलभाकडे आला. दुसऱ्या दिवशी तिने मला खालून हाक मारली.

बशीत टिकल्या होत्या, पण रिकामी जागा जवळजवळ कुठेच नव्हती. साय थेट टिकलीच्या कडेला भिडलेली. फक्त एका टिकलीभोवती अरुंद वर्तुळ होतं, आणि ते औषध इंजेक्शनातूनच देतात, मूत्रपिंडं ठीक असतील तर.

"ही तुझ्या विहिरीवाल्या शेठची बायको ना?" सुलभा म्हणाली. "अगं, तुझ्या विहिरीकडे जरा बघून ये."

मी त्याच दिवशी रिक्षाने गेले. नमुना घेतला, आणि या वेळी कुणाला दाखवायला नव्हे, तर भीती वाटली म्हणून टिकल्या लावल्या. दोन दिवसांनी सगळ्या नळ्या पिवळ्या होत्या. आणि सुलभाच्या बशीशेजारी माझी बशी ठेवली, तर आम्हा दोघींना कुठली कुणाची हे मागचं लेबल बघून ठरवावं लागलं. पूर्वी जिच्याभोवती रुपयाएवढं वर्तुळ होतं, ती टिकली दोन्ही बशांत सायीत बुडाली होती.

"योगायोगही असेल," सुलभा म्हणाली. तिच्या आवाजावरून तिला तसं वाटत नव्हतं.

बाळारामशेठ रुग्णालयातून जेवायला म्हणून घरी आले होते, तिथे मी त्यांना गाठलं. विचारलं, ब्लीचिंग पावडर किती टाकत होता?

"पावडर? नाय वो. पावडर कोन टाकतं? औषध टाकत व्हतो."

"कसलं औषध?"

ते आत गेले आणि बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा घेऊन आले. आत गोळ्यांच्या पाकिटांच्या गड्ड्या होत्या, रबर लावून. करोनानंतर घराघरांत उरलेल्या गोळ्या त्यांनी भावकीतून, शेजारच्या टॉवरांतून गोळा केल्या होत्या. 'ती' गोळी मिळेल तेवढी विकतही आणली होती. दर पौर्णिमेला ते त्या पाट्यावर वाटायचे, तांब्याभर पाण्यात कालवायचे आणि विहिरीला हळदकुंकू वाहून आत सोडायचे. दीड वर्ष. एकदाही चुकवलं नाही. चांगुणाबाईंनी आयुष्यात गोळ्यांचा एकही डोस पुरा केला नव्हता, पण विहिरीचा केला गेला.

"शेठ, कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात आरोप नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

"तुमीच ना. तुमी दाखवलाव, यानं मरतान. मंग कागद पन दिलाव, पानी चांगला झाला म्हनून. छान काम केलाव, बोललाव."

मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला. जंतू काही हुशार नसतात. पण ते असंख्य असतात, आणि असंख्यांत दोनचार असे निघतातच की ज्यांना औषध लागू पडत नाही. तुम्ही औषध टाकलंत, मरायचे ते मेले, आणि उरलेल्या दोनचारांना अख्खी विहीर मोकळी मिळाली. शिवाय ते आपली युक्ती दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देतात, परीक्षेत चिठ्ठी सरकवावी तशी. टाक्यांमधून रोज नवे येतच होते. त्यांनाही चिठ्ठ्या मिळाल्या. क्लोरीन जंतूला जाळतो, त्यात अशी निवड होत नाही. औषधात होते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग मी चांगुनाला इख पाजला?"

मी म्हटलं, "तसं म्हणता येणार नाही." शास्त्राच्या दृष्टीने हे उत्तर बरोबर आहे. ते जंतू विहिरीतून त्यांच्या पोटात गेले, की त्यांच्या पोटातल्यांनीच अर्धवट गोळ्या खाऊन ही विद्या मिळवली होती, हे कुणीही सांगू शकणार नाही. टॉवरांतल्या हजार माणसांच्या अर्धवट गोळ्यांचा वाटा किती, हेही नाही. पण मी खाली बघून उत्तर दिलं, आणि त्यांनी ते पाहिलं.

रुग्णालयात मी चांगुणाबाईंना भेटले. इंजेक्शन सुरू झालं होतं. डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं होतं की औषध लागू पडेल, पण ते स्वतःच मूत्रपिंडाला जड आहे. जंतू आणि मूत्रपिंड, दोघांत आधी कोण दमतं ते बघायचं. बाई शुद्धीवर होत्या. नवऱ्याने त्यांना सगळं सांगून टाकलेलं होतं. त्यांनी माझा हात धरला.

"त्याना काय बोलू नको पोरी. माजेसाठीच केला त्यानी. लगीन झाल्यापासून पयल्यांदा माजेसाठी कायतरी नेमानं केला." आणि हसल्या. "ते पन उलटंच."

बाराव्या दिवशी सुलभाकडे पुन्हा नमुना आला. बशी कोरी. जंतू नाहीत. तो अहवालही अगदी बरोबर होता. पंधराव्या दिवशी चांगुणाबाई गेल्या. दाखल्यावर मूत्रपिंड निकामी आणि मधुमेह असं लिहिलं आहे. पाण्याचा उल्लेख नाही, तसा तो नसतोच.

निवृत्त होण्याआधी मी एक काम केलं. दोन्ही बशांचे फोटो आणि दोन पानी पत्र घेऊन एका कार्यालयात गेले. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. कोणत्याही कार्यालयात हेच झालं असतं. अधिकारी तरुण होता, सभ्य होता. पत्र त्याने खरोखर वाचलं, याचं मला आश्चर्य वाटलं.

"मॅडम, गंभीर आहे हे. पण पिण्याच्या पाण्याच्या नमुन्यात औषधांची तपासणी आपल्या विहित यादीत नाही."

"मग यादीत घाला."

"यादी वरून येते."

"वर म्हणजे कुठे?"

त्याने छताकडे पाहिलं. मीही पाहिलं. छताला ओल आलेली होती. "निदान ही एक विहीर पिण्यासाठी बंद करा, असं तरी लिहून द्या," मी म्हटलं. ते त्याने दिलं, आणि त्याबद्दल मी आजही त्याची आभारी आहे.

बाळारामशेठनी त्या कागदाची वाट पाहिलीच नव्हती. बायकोच्या दहाव्याला त्यांनी विहिरीच्या कठड्यावर हात ठेवून शपथ घेतली की या कुळातलं कुणी यापुढे हे पाणी तोंडाला लावणार नाही. सातही घरांनी नळाच्या मोठ्या टाक्या बसवून घेतल्या. म्हातारा बोलायचा बंद झाला. मी दोनतीनदा जाऊन आले. चहा यायचा, आम्ही समोरासमोर बसायचो, आणि मी उठायचे. माझ्यासाठी चहा नळाच्या पाण्याचा केलाय, हे मात्र दर वेळी घरातलं कुणीतरी सांगायचं.

वर्षश्राद्धानंतर त्यांच्या पुतण्याचा, विलासचा, फोन आला. वय पंचेचाळीस, गावातल्या पक्षाच्या कामात पुढे, कपडे इस्त्रीचे. काकूच्या स्मरणार्थ विहिरीचं सुशोभीकरण केलंय, लोकार्पण आहे, तुमचा सत्कार ठेवलाय, नाही म्हणू नका. मी नाही म्हणणार होते, पण शेठ येणार आहेत असं कळलं, म्हणून गेले.

मंडप होता, लाऊडस्पीकर होता. विहिरीवर पोलादी जाळी, भोवती रंगीत दिवे, संगमरवरी पाटीवर चांगुणाबाईंचं नाव आणि त्याखाली त्याहून मोठ्या अक्षरांत लोकार्पण करणाऱ्यांचं. ते पाऊण तास उशिरा आले आणि जलसंस्कृतीवर बोलले. आपले पूर्वज पाण्याला देव मानत, असं त्यांनी सांगितलं; लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाळारामशेठ पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसले होते. मला शाल दिली, श्रीफळ दिलं आणि 'जलमाता' असं लिहिलेली फ्रेम दिली. बोलायला सांगितलं तेव्हा मी एवढंच म्हटलं, की या विहिरीचं पाणी पिऊ नका आणि औषध अर्धवट सोडू नका. त्यालाही टाळ्या पडल्या.

पाहुण्यांची गाडी वळते न वळते तोच मंडपवाले खांब उपटायला लागले. लोक अजून खुर्च्यांवर होते. शेठना उठवून खुर्ची काढून घेतली, तेव्हा मी विलासला विचारलं, एवढी घाई कसली?

"टँकर यायचाय ना, मॅडम. हा खांब मध्ये येतो." जाळीच्या एका कोपऱ्यात त्याने झाकण ठेवलं होतं आणि तिथून जाड पाइप आत सोडलेला होता.

"विलास, हे पाणी प्यायचं नाही असं ठरलंय ना?"

"आम्ही कुठं पितो, मॅडम?" तो म्हणाला. "दिवा स्टेशनकडच्या चाळींना जातं. रोज सहा खेपा. आज कार्यक्रमामुळे चारच होतील."